आजारपणाची उचल

पत्राचा सारांश : उत्तर महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीत या वाचक ताईंचं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी दोन लेथवर सुरू केलेलं. आता दोन सीएनसी, एक पॉवर प्रेस आणि १४ माणसं. मशीन आणि गिऱ्हाइकं नवरा बघतो, पगार आणि हिशेब ताई. मस्टरवर ८ नावं आहेत, उरलेले ६ ठेकेदाराच्या नावावर. दिवाळीनंतर एका जुन्या हेल्परच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्याला ८०,००० रुपये उचल दिली. १४,००० पगारातून महिना ४,००० कापले जातात आणि हल्ली त्याचे खाडे वाढलेत. त्याआधी दुसरा एकजण ३०,००० घेऊन गेला तो परत आलाच नाही. आता पॅकिंगच्या दोघी बायकांनी विचारलंय, ‘मॅडम, आपल्याकडे मेडिक्लेम नाही का?’ नवरा म्हणतो, ‘आपल्याला कोण देतं विमा? हवं तर प्रत्येकाचे ५०० वाढवू.’ अकाउंटंट म्हणतात, आठजण असल्यावर ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागत नाही, उगाच हात घालू नका, मागचं सगळं बाहेर येईल. कामगार म्हणतात, ईएसआय नको, तिथं दिवस जातो, औषध मिळत नाही आणि वर पगार कापला जातो. ताई विचारतात : ‘आम्ही माणुसकीनं वागतो, अडीनडीला पैसे देतो. मग विमासुद्धा मालकानंच द्यायचा का? आणि सरकारची फुले योजना आहेच ना?’

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात बरेच आकडे आहेत, पण मी अडकले ते १४ वर.

विमा द्यावा का, हे तुम्ही तुमच्या मनाला विचारताय. कायद्यानं त्याचं उत्तर बहुधा केव्हाच दिलेलं आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या कारखान्याला राज्य कामगार विमा योजना, म्हणजे आपलं ईएसआय, लागू होतं. मोजायची ती माणसं, मस्टरवरची नावं नव्हेत. ठेकेदाराचे सहाजण तुमच्या छपराखाली, तुमच्या मशीनवर काम करतात. ते मोजणीत येतात. तुमच्याकडचे सेटर आणि सुपरवायझर २१,००० च्या वर पगार घेतात म्हणून स्वतः योजनेत बसत नाहीत, पण डोकी मोजताना तेही धरले जातात. ठेकेदारानं आपल्या माणसांची वर्गणी भरली नाही, तर ती आधी मूळ मालकानं भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, असा नियम आहे. अकाउंटंटनी आठाचा आकडा कुठून आणला हे मला कळतं. पण तपासणीला कोणी चहाच्या वेळी आलं, तर त्यांना चौदा कप दिसतील.

मागचं बाहेर येईल ही भीती काही खोटी नाही. उशिरा भरलेल्या वर्गणीवर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं आणि दंडापोटीची रक्कम वेगळी. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या, थांबून ही रक्कम वाढतेच. २०२५ च्या जुलैपासून ईएसआय चालवणाऱ्या महामंडळानं ‘स्प्री’ नावाची सवलत आणली होती : जे मालक स्वतःहून नोंदणी करतील त्यांच्याकडे मागची वसुली मागायची नाही. तसली एखादी मुदत आत्ता चालू आहे का, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराला पहिल्याच भेटीत विचारा. आयकराचा अकाउंटंट आणि कामगार कायद्याचा सल्लागार ही दोन वेगळी माणसं असतात. छोट्या कारखान्यांत निम्मे घोळ ही दोन कामं एकाकडे दिल्यानं होतात. शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अंमलात आली आहे आणि वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते निम्म्याहून जास्त दाखवून मूळ पगार लहान ठेवायचा, ही जुनी युक्ती आता चालत नाही. तुमचे पगारपत्रक नव्या व्याख्येप्रमाणे एकदा तपासून घ्या.

पण तुम्ही मला कायदा विचारलेला नाही. तुमचा प्रश्न माणुसकीचा आहे, आणि मला बोलायचंय तेही त्याबद्दलच.

८०,००० भागिले ४,००० म्हणजे वीस महिने. वीस महिने त्या माणसाचं घर १०,००० वर चालणार आहे. त्याचे खाडे वाढले अशी तुमची तक्रार आहे. त्या दिवशी तो कुठं जातो, हे कोणी विचारलंय का? माझा अंदाज चुकीचाही असेल, पण रोख मजुरी मिळेल अशा दुसऱ्या कामावर तो जात असणं शक्य आहे. विचारताना आवाज चौकशीचा ठेवा, झाडाझडतीचा नको. आणि तोवर कपात १,५०० वर आणा. रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्या, त्याच्याकडेही एक प्रत द्या. वसुली लांबेल, पण माणूस टिकेल. तुमचे ३०,००० घेऊन गेलेला माणूस कपातीच्या कुठल्या आकड्यावर गेला होता, हेही एकदा आठवून बघा.

तुम्ही दिलंत ते मनापासून दिलंत, यात मला शंका नाही. पण उचल कशी मिळते ते त्याच्या बाजूनं पाहा. त्याला केबिनमध्ये येऊन बायकोचं दुखणं सांगावं लागलं, बहुधा तुमच्या नवऱ्यासमोर. तुम्ही विचार केलात, तो आठ वर्षं आहे, प्रामाणिक आहे, देऊ या. मागच्या वर्षी उत्तर प्रदेशातून आलेल्या त्या पोराला तुम्ही ८०,००० दिले असते का? नसते दिले, आणि त्यात तुमचं काही चुकलं असतं असंही मी म्हणणार नाही. उचल ही ओळखीवर आणि भरवशावर मिळते. आजार मात्र ओळख बघून येत नाही. ज्याचा तुमच्यावर हक्क सांगायचा जीव होत नाही, तो मागायलाच येत नाही. तो सावकाराकडे जातो, बायकोचं मंगळसूत्र ठेवतो किंवा दुखणं अंगावर काढतो. तुमच्या वहीत त्याची नोंद होत नाही म्हणून तुम्हाला वाटतं, अडचण आली की आम्ही देतोच.

त्या पॅकिंगच्या दोघींचंच बघा. बाईमाणूस पाळीच्या तक्रारीसाठी, गर्भाशयाच्या गाठीसाठी मालकाकडे पैसे मागायला येईल? त्यांनी मेडिक्लेमचं विचारलं ते सहज विचारलेलं नसावं. त्यामागं काही दुखणं आहे का, हे खोदून विचारू नका. एवढं मात्र करा की सांगावं न लागता त्यांना डॉक्टरकडे जाता येईल.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे : कामगाराच्या उपचाराची सोय अशी असावी की त्याबद्दल त्याला मालकाचे आभार मानावे लागू नयेत. पगाराबद्दल तो मानतो का आभार? नाही, सही करतो आणि घेतो. विम्याचं तसंच व्हायला हवं.

आता नवऱ्याचा प्रश्न : आपणच का? हा प्रश्न मला पटतो, आणि तो जुना आहे. बिस्मार्कच्या जर्मनीनं १८८३ मध्ये आजारविमा आणला तेव्हा दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची आणि एक तृतीयांश मालकाची होती. ब्रिटननं जुलै १९४८ मध्ये उपचाराचा आणि नोकरीचा संबंधच तोडला, दवाखाना करातून चालवायला घेतला. अमेरिकेत उलट झालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, पगारवाढीवर सरकारनं लगाम घातला, पण विम्याला त्यातून सूट राहिली. मग माणसं ओढायला कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. ती तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. तिथं आजही नोकरी गेली की विमा जातो, आणि विमा जाईल म्हणून माणसं नकोशी नोकरी सोडत नाहीत. त्यामुळे ‘मालकानं विमा द्यावा’ हे वाक्य ऐकायला छान असलं, तरी मी ते डोळे मिटून म्हणणार नाही.

आपल्याकडे त्या वेळी निराळा विचार झाला. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायला सांगितलं गेलं, १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. पुढे १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. तिची रचना नीट पाहिलीत तर तुमच्या नवऱ्याचा निम्मा राग जाईल. तिथं मालक विमा ‘देत’ नाही. मालक आणि कामगार दोघं वर्गणी भरतात, ती एका मोठ्या खात्यात जाते आणि उपचार त्या खात्यातून होतात. कामगारानं शेजारच्या प्लॉटमध्ये नोकरी धरली तरी त्याचा विमा क्रमांक तोच राहतो.

आता पैसे. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. त्याआधी हीच ४.७५ आणि १.७५ होती. तुमच्या हेल्परचे १४,००० धरले तर तुमचे ४५५ रुपये, त्याचे १०५. तुमच्याकडे २१,००० च्या आत १२ जण आहेत. सरासरी पगार १५,५०० धरला, तर तुमच्या वाट्याला महिना ६,०४५ येतात, वर्षाला साडेबहात्तर हजार. नवरा म्हणेल, उचल निदान परत येते, हे गेलेले पैसे येत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. पण त्यांना बिलाच्या भाषेत सांगा : मजुरी तुमच्या बिलाच्या तीस टक्के असेल, तर शंभर रुपयांच्या बिलामागं हा खर्च एक रुपयाच्याही आत आहे.

एवढ्यानं पटलं नाही तर त्यांना प्रेसजवळ उभं करा. उद्या तिथं कोणाचं बोट गेलं, तर ईएसआय नसलेल्या मालकावर भरपाईची जबाबदारी थेट येते. १९२३ पासून तसा कायदा आहे. ईएसआय असेल तर कामावरच्या अपघातात बरा होईपर्यंत कामगाराला वेतनाच्या ९० टक्के महामंडळ देतं. कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते, आणि ती भरपाई मालकाच्या खिशातून द्यावी लागत नाही. पॅकिंगच्या दोघींपैकी कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर २६ आठवड्यांचं वेतन कायद्यानं कोणाला तरी द्यावंच लागतं. ईएसआय नसेल तर तुम्हाला, असेल आणि आधीच्या काळात किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर महामंडळाला. आपल्याला कोण देतं विमा, असं म्हणणाऱ्या तुमच्या नवऱ्याला खरं तर ही योजनाच या दोन प्रसंगांत विमा देते. मोठ्या कंपन्यांचं काम घ्यायचं असेल तर व्हेंडर ऑडिटला ईएसआयची चलनं मागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

पाचशे रुपये वाढवण्याच्या कल्पनेबद्दल. पगारवाढ द्यायची तर जरूर द्या, पण ती विम्याच्या नावावर नको. ५०० रुपये शाळेच्या फीमध्ये जातील, गॅसमध्ये जातील, आणि जावेतच. त्यातून कोणी विमा घ्यायचं ठरवलं तरी वर्षाच्या ६,००० मध्ये चौघांच्या कुटुंबाला कामाची पॉलिसी मिळणं कठीण. साखर किंवा रक्तदाब आधीपासून असेल, तर वैयक्तिक पॉलिसीत त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ईएसआयमध्ये उपचार नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहेत, वैद्यकीय तपासणी करून कोणाला नाकारत नाहीत, नवरा किंवा बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील त्यात येतात, आणि एका माणसाच्या उपचारावर खर्चाची कमाल मर्यादा नाही. बाजारात असली पॉलिसी कुठल्याही एजंटाच्या बॅगेत नसते.

हे वाचून तुमचे कामगार हसतील. कागदावर सगळं असतं मॅडम, म्हणतील. त्यांचं ऐकून घ्या, कारण ते अनुभवाचं बोलतायत. दवाखान्याची वेळ कामाच्या वेळेशी आपटते, रांगा असतात, लिहून दिलेलं औषध कधी कधी नसतं, मोठ्या उपचारासाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावं लागतं. यातलं बरंच तुम्ही दुरुस्त करू शकत नाही. पण कामगाराच्या तक्रारीतला एक मोठा भाग मालकाच्या टेबलावरच तयार होतो आणि तो मात्र तुमच्या हातात आहे. नोंदणी करताना कुटुंबाची नावं भरलेलीच नसतात, त्यामुळे बायकोला घेऊन गेल्यावर नाव सापडत नाही. आधारवर एक स्पेलिंग, अर्जात दुसरं. दवाखाना घराजवळचा निवडायच्या ऐवजी कारखान्याजवळचा निवडलेला. ईएसआयचं ओळखपत्र, म्हणजे पहचान कार्ड, छापून ऑफिसच्या फाइलमध्येच पडलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर्गणी वेळेत न भरल्यानं माणूस दवाखान्यात ‘अपात्र’ दिसतो. दर महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत जायला हवी. कामगाराच्या पगारातून कापून ती भरली नाही, तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो, आणि आयकरात ती रक्कम तुमचंच उत्पन्न धरली जाते.

तेव्हा नोंदणीचं काम एजंटावर सोडून मोकळ्या होऊ नका. एक रविवार धरा, बाराही जणांना रेशनकार्ड आणि घरच्यांची आधार कार्डं घेऊन बोलवा, तुम्ही स्वतः स्क्रीनसमोर बसा. त्याच दिवशी प्रत्येकाला त्याचा विमा क्रमांक कागदावर लिहून द्या. नोटीस बोर्डावर दर महिन्याचं चलन लावा. ते पाहिल्यावर ‘कापलेलं जातं कुठं’ हा प्रश्न बंद होतो. कपातीची कुरकुर टाळायची असेल तर पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या पगारात त्याच्या ०.७५ टक्क्याएवढी वाढ द्या. हातात येणारा पगार जेवढा होता तेवढाच राहील, तुमचे महिन्याला साधारण १,४०० रुपये जास्त जातील. मात्र उलटं करू नका : मालकाचा ३.२५ टक्के वाटा पगारातूनच दाखवून हातातला पगार कमी करणं बेकायदा आहे आणि ते सर्रास चालतं. आणखी एक. दवाखान्यात जायला वर्षाला दोन-तीन अर्धे दिवस पगारी ठेवा. ईएसआय नको म्हणणाऱ्याला दवाखान्यापेक्षा बुडालेल्या रोजाची धास्ती जास्त असते.

आजारपणाच्या रजेचे पैसेही त्यांना नीट समजावून सांगा, कारण हे फार कमी जणांना ठाऊक असतं. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या लाभकाळात आजारी पडल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतात. १४,००० वाल्याला महिना ९,८०० च्या आसपास. क्षयरोग, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत हे प्रमाण ८० टक्के होतं आणि मुदत दोन वर्षांपर्यंत जाते. घरी झोपलेल्या माणसाला पैसे मिळतात, हे तुमच्या कामगारांना खरं वाटणार नाही. पहिल्यांदा कोणाच्या तरी खात्यात जमा झाले की मग वाटेल.

फुले योजनेबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण बरेच छोटे मालक तिच्यावर विसंबून राहतात. योजना चांगली आहे. जुलै २०२४ पासून ती महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली, पांढऱ्या कार्डालाही, आणि कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण ती दवाखान्यात भरती होऊन करायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालते. रोजच्या तापाला, साखरेच्या गोळ्यांना, बुडालेल्या पगाराला ती नाही. तुमच्या उत्तर प्रदेशच्या पोराकडे इथलं रेशनकार्ड नसेल तर तो तिच्या बाहेरच राहतो. त्याच्याकडे गावचं आयुष्मान कार्ड असलं तर ते इथल्या यादीतल्या रुग्णालयात चालतं, म्हणून ते आहे का ते विचारा. ईएसआय त्याला रेशनकार्ड विचारत नाही. तुमच्या हेल्परच्या बायकोचं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात झालं, तिथं फुले योजना होती का, योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, कोणी भेटलं होतं का, हे तुमच्या पत्रात नाही. त्या घाईत बहुतेकांना ते सुचत नाही. जिल्ह्यातल्या यादीतल्या रुग्णालयांची नावं आजच काढा आणि चलनाशेजारी लावा.

राहिले सेटर आणि सुपरवायझर. ते ईएसआयबाहेर आहेत, त्यांच्यासाठी खासगी विमा बघावा लागेल. दोघांचाच गट फार लहान होतो. तुम्ही नवरा-बायको आणि घरचे धरून काही जमतं का, किंवा वसाहतीतल्या औद्योगिक संघटनेमार्फत मोठ्या गटात शिरता येतं का, ते पाहा. नाहीच जमलं तर त्यांनी स्वतःच्या नावावर कुटुंबाची पॉलिसी घ्यावी आणि हप्त्यातला ठरलेला हिस्सा तुम्ही द्यावा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, गटाच्या पॉलिसीवर मात्र १८ टक्के आहे. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. पॉलिसी त्यांची असल्यानं नोकरी सुटली तरी ती सुटत नाही. गटाची घेतलीतच, तर रकमेच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. खोलीभाड्याला मर्यादा आहे का, बिलातला काही टक्के वाटा रुग्णानं भरायचा आहे का, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का, हे तीन प्रश्न एजंटाला विचारा आणि उत्तर पॉलिसीच्या कागदात दाखवायला सांगा. नोकरी सोडणाऱ्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, हेही त्या दोघांना आधीच सांगून ठेवा.

एक खबरदारी मात्र पाळा. विमा आला की कोणाला काय आजार आहे याची माहिती ऑफिसात यायला लागते. दाव्याचे कागद तुमच्या टेबलावरून जाऊ देऊ नका. कामगारानं ते थेट रुग्णालयात किंवा विमा कंपनीकडे द्यावेत. ‘याला शुगर आहे, याला नाइट शिफ्ट नको’ हे काळजीपोटी सुरू होतं आणि पुढं ‘याला कामच नको’ पर्यंत जातं.

ज्यांच्याकडे दोन-चार माणसंच आहेत असे दुकानदार, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, घरी मदतनीस ठेवणारे वाचक म्हणतील, आमचं काय? दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेलाही मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर नव्या संहितेप्रमाणे स्वेच्छेनं ईएसआयमध्ये येता येतं. घरकाम करणाऱ्या बाईंसाठी तुम्ही एक गोष्ट या आठवड्यातच करू शकता. त्यांच्याबरोबर जाऊन आयुष्मान कार्ड काढून द्या, रेशनकार्डात सगळ्यांची नावं आहेत ना ते बघा. त्यांच्या घरात ७० च्या पुढचं कोणी असेल, तर त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून वेगळं आयुष्मान कार्ड आहे, उत्पन्नाची अट न घालता ५ लाखांचं. यात तुमचे पैसे जात नाहीत, एक सकाळ जाते.

आणि ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सासऱ्यांच्या वेळच्या टर्नर काकांचा उल्लेख केलाय, ५३ वर्षांचे, पगार १९,५००. नोंदणीच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर घ्या. निवृत्तीच्या वेळी किमान पाच वर्षं विमाधारक म्हणून नोकरी झालेली असेल, तर पुढं वर्षाला १२० रुपये भरून त्यांना आणि त्यांच्या पत्नीला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. ५८ ला ते निवृत्त होणार असतील, तर त्यांच्याकडे बरोबर पाचच वर्षं उरली आहेत, आणि या महिन्यात नोंदणी झाली नाही तर ती पाचही उरणार नाहीत.